ट्रकच्या आरशात आपण दिसतो का?

सकाळच्या गर्दीचे तास सरले की गोवंडीत शिवाजीनगरच्या सिग्नलला रस्त्याचा आवाज बदलतो. त्या तासांत अवजड वाहनांना मुंबईत मनाई असते. ती उठली की खाडीपलीकडे खोळंबलेले ट्रेलर, टँकर आणि डंपर एकामागून एक येऊ लागतात. एअर ब्रेकचा सुस्कारा, सायलेन्सरचा धूर, आणि या सगळ्याच्या फटीफटीतून वाट काढणाऱ्या रिक्षा, हातगाड्या, दुचाक्या.

अशाच एका सकाळी मी त्या सिग्नलला उभा होतो. डावा इंडिकेटर लावून एक डंपर सिग्नलची वाट बघत होता. त्याच्या आणि फुटपाथच्या मध्ये जेमतेम चार फुटांची फट होती. त्या फटीत पाठीवर डिलिव्हरीची पेटी घेतलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा मोटरसायकल घेऊन शिरला. सिग्नल सुटला, डंपर डावीकडे वळू लागला. पुढचं चाक मुलापासून चांगलं लांबून गेलं, पण मागची जोडचाकं फुटपाथकडे सरकत आली. आम्ही चार-पाच जणांनी डंपरच्या पत्र्यावर जोरजोरात थापा मारल्या. डंपर थांबला तेव्हा मागचं चाक आणि मुलाचा पाय यांच्यात वीतभर अंतर होतं.

मुलगा संतापून ओरडला, "दिसत नाही का?"

खिडकीतून डोकं बाहेर काढून ड्रायव्हर म्हणाला, "नाही दिसलास रे पोरा." त्याचा स्वतःचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ते उत्तर मी अनेक दिवस डोक्यात घेऊन फिरलो. भांडणात आपण "दिसत नाही का" हा प्रश्न टोमणा म्हणून विचारतो. ट्रकच्या बाबतीत तो खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच असतं. ट्रकला ओलांडणं असो, नाहीतर एका ट्रकनं दुसऱ्या ट्रकला ओलांडणं असो, जीव वाचतो तो तीन साध्या गोष्टी कळल्या तर: समोरच्याला आपण दिसतोय का, दोघांच्या वेगात फरक किती आहे, आणि पुढे परत आत शिरायला जागा आहे का. त्या गोष्टी नीट उलगडून सांगण्यासाठी हा लेख.

गोवंडीच्या दारातली अवजड वाहतूक

गोवंडीच्या माणसाला ट्रक ही लांबच्या महामार्गावरची गोष्ट वाटत नाही. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडचं एक टोक पूर्व द्रुतगती महामार्गाला मिळतं, दुसरं मानखुर्दजवळ शीव-पनवेल महामार्गाला. वाशीच्या खाडीवर पहिला रस्तापूल १९७३ मध्ये झाला, दुसरा १९९७ मध्ये आणि तिसऱ्यावरून २०२४ मध्ये वाहतूक सुरू झाली. त्या पुलांपलीकडे वाशीचा घाऊक बाजार आहे आणि १९८९ पासून चालू असलेलं न्हावाशेवा बंदर आहे. अलीकडे चेंबूर-माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांचे टँकर आहेत, देवनारच्या कत्तलखान्यात जनावरं घेऊन येणारे ट्रक आहेत. दक्षिण मुंबईतून येणारा ईस्टर्न फ्रीवेही शिवाजीनगरजवळच लिंक रोडला उतरतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लिंक रोडवर सुमारे तीन किलोमीटरचा उड्डाणपूल सुरू झाला. लांबच्या गाड्यांना त्यानं वरची वाट दिली, पण बैंगनवाडी आणि शिवाजीनगरच्या गल्ल्यांतून निघणारी माणसं खालच्याच रस्त्यावर आहेत.

शिवाय देवनारची कचराभूमी आहेच. १९२७ पासून मुंबईचा कचरा तिथे पडतोय. तिथला जुना कचरा हटवण्यासाठी महापालिकेनं काढलेल्या निविदेत तो १८५ लाख टन धरला होता. वीस टनांचा एक डंपर धरला तर या सव्वा नऊ लाख खेपा होतात. सगळा कचरा बाहेर जाणार नसला तरी आकड्यावरून अंदाज येतो. पुढची कित्येक वर्षं डंपर या भागाचे शेजारी असणार आहेत. शेजाऱ्याचा स्वभाव ओळखून वागलेलं बरं.

हिशेब वेगाचा नाही, फरकाचा

ओव्हरटेक म्हटलं की आपल्या मनात वेग येतो. गाडीत दम असेल तर ओलांडता येईल, असा आपला समज असतो. खरं तर ओलांडायला किती वेळ लागणार हे ठरवतो तो दोन गाड्यांच्या वेगांतला फरक.

चाळीस फुटी कंटेनर वाहणारा ट्रेलर केबिनसकट साधारण सोळा मीटर लांब असतो. असे दोन ट्रेलर एकामागून एक चाललेत असं समजा. मागच्याला पुढे जायचं असेल तर पुढच्याची लांबी, स्वतःची लांबी, बाहेर पडताना मागे सोडलेलं पंचवीस मीटर आणि परत लेनमध्ये येताना सोडायचं पंचवीस मीटर, असं सगळं मिळून सुमारे ८२ मीटर त्याला जास्त चालावं लागतं. दोघांच्या वेगात ताशी १० किलोमीटरचा फरक असला तर हे अंतर तीस सेकंदांत कापलं जातं. फरक ताशी ४ किलोमीटरचाच असला, म्हणजे एक ७६ नं आणि दुसरा ८० नं चालला असला, तर ७४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ८० चा ट्रेलर जवळपास साडेसोळाशे मीटर पुढे गेलेला असतो. दीड किलोमीटरहून अधिक रस्ताभर दोन ट्रेलर खांद्याला खांदा लावून चालतात, आणि त्यांच्यामागे ताशी १०० नं येणाऱ्या मोटारींची रांग साचत जाते.

एवढं करून ड्रायव्हरच्या हाती काय लागतं? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. घाट नाही, गर्दी नाही असं धरून तो सगळा रस्ता ७६ ऐवजी ८० नं कापला तर चार मिनिटंही वाचत नाहीत. चहाच्या टपरीवर ग्लास हातात येईपर्यंत तेवढी मिनिटं जातात.

जर्मनीत एका ट्रकनं दुसऱ्याला असं रेंगाळत ओलांडण्याला 'हत्तींची शर्यत' म्हणतात. २००८ मध्ये तिथल्या हाम शहरातल्या उच्च न्यायालयानं याची कसोटी घालून दिली: ट्रकनं दुसऱ्या ट्रकला ४५ सेकंदांच्या आत ओलांडलं पाहिजे, आणि त्यासाठी वेगात साधारण ताशी १० किलोमीटरचा फरक हवा. ब्रिटनमध्ये तीन किंवा अधिक लेनच्या मोटरवेवर साडेसात टनांवरच्या मालवाहू गाड्यांना सगळ्यात उजव्या लेनमध्ये जायलाच बंदी आहे. दोन्हीकडचा विचार एकच आहे. ट्रक ओलांडू शकतो, पण त्यासाठी साऱ्या रस्त्याला वेठीला धरू शकत नाही.

तीन लेन आणि त्यांचं काम

आपल्याकडे २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हा या शिस्तीचा पहिला मोठा धडा होता. प्रत्येक दिशेला तीन लेन. डावी लेन ट्रक, ट्रेलर, बस अशा जड वाहनांची. मधली लेन मोटारींची, आणि डावीकडच्या संथ वाहनाला ओलांडण्यापुरती जड वाहनांचीही. उजवी लेन हलक्या वाहनांनी ओव्हरटेक करण्यासाठी मोकळी ठेवायची. सपाटीवर मोटारींना ताशी १०० आणि जड वाहनांना ८० ची मर्यादा. घाटात दोन्ही खूप खाली येतात.

या व्यवस्थेचा अर्थ समजून घेतला तर ती जाच वाटत नाही. रस्त्यावर वेगाचे तीन थर केले की प्रत्येक थरात शेजारच्या गाड्यांचा वेग जवळपास सारखा राहतो आणि धडकेचं कारणच कमी होतं. ट्रक उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसला की हे थर विस्कटतात. मग मागच्या मोटारी डावीकडून घुसतात. मोटारही तितकीच दोषी ठरू शकते: उजव्या लेनमध्ये ७० नं आरामात चाललेली मोटार मागच्या दहा जणांना डावीकडून जायला भाग पाडते. कायद्यानं ओव्हरटेक उजवीकडूनच करायचा असतो. पुढच्या वाहनानं उजवीकडे वळायचा इशारा दिला असेल तर डावीकडून जायची मुभा आहे. ज्याला कोणी ओलांडतंय त्यानं त्या वेळी स्वतःचा वेग वाढवायचा नसतो, हाही नियमच आहे, पण तो बहुतेकांना ठाऊक नसतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं नियमबाह्य ओव्हरटेक धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे गणला गेला. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते.

'पुढे जागा आहे का' हा प्रश्न इथे येतो. ४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. तीन लेनचा रस्ता पुलाजवळ येताना दोन लेनचा होतो, अशी ती जागा. मागच्या सीटवर बसलेल्या मिस्त्री आणि त्यांच्यासोबतच्या प्रवाशानं सीटबेल्ट लावलेले नव्हते. दोघांचाही मृत्यू झाला. पूल, बोगदा, टोलनाका, काम चालू असलेला पट्टा, अशा प्रत्येक ठिकाणी रस्ता अरुंद होतो. ओव्हरटेकसाठी लागणारे तीस-चाळीस सेकंद हातात असतील असं तिथे कधीच गृहीत धरता येत नाही.

घाट चढताना, घाट उतरताना

बोरघाटात हे सगळं गणित दुप्पट कठीण होतं. मालानं भरलेला ट्रेलर चढावर ताशी पंधरा-वीस किलोमीटरवर येतो. त्याच्या मागचा थोडा हलका ट्रक त्याला ओलांडायला मधल्या लेनमध्ये येतो, तोही वीस-पंचवीसनं. वळण संपतं आणि मागून ताशी ८० नं मोटार येते. समोर जवळजवळ थांबलेली भिंत असते. ८० आणि २० मधला फरक ६०, म्हणजे सेकंदाला जवळपास सतरा मीटर. शंभर मीटरचं अंतर सहा सेकंदांत संपतं. त्यातला दीड सेकंद तर 'हे हळू चाललंय' हे डोक्यात शिरायलाच जातो.

१४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे माजी आमदार विनायक मेटे यांची गाडी द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ पुढच्या अवजड वाहनाला धडकली आणि त्यांचा मृत्यू झाला. पहाटेच्या अंधारात पुढचा ट्रक चालतोय, रांगतोय की उभा आहे, हे लाल दिव्यांवरून झटकन कळत नाही. त्यात ते दिवे चिखलानं माखलेले असले किंवा चमकती पट्टी सोलवटलेली असली तर आणखी दोन सेकंद जातात. १५ ऑक्टोबर २०२३ ला समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ टेम्पो ट्रॅव्हलर थांबलेल्या ट्रकवर मागून आदळून १२ जण गेले. वेगवान रस्त्यावर उभा ट्रक म्हणजे ठरलेला अपघात. कारण कोणतंही असो, जड वाहन चालत्या लेनमध्ये थांबता कामा नये, आणि ते थांबवलंही जाऊ नये.

उतारावर धोका उलट बाजूनं येतो. ब्रेक हे वेगाचं उष्णतेत रूपांतर करतात. चाळीस टनांचा ट्रेलर उतारावर सतत ब्रेक दाबून रोखला तर ड्रम इतके तापतात की लायनरची पकडच सुटते. म्हणून चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि गाडी इंजिनानं अडवायची, हे जुने ड्रायव्हर नव्यांना पहिल्या दिवशी शिकवतात. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणं म्हणजे वाचवलेल्या चार रुपयांसाठी जीव गहाण टाकणं. २६ जुलै २०२५ ला खोपोलीजवळ आडोशी बोगद्यानजीक ब्रेक निकामी झालेल्या एका कंटेनर ट्रेलरनं उतारावर वीसच्या आसपास गाड्यांना धडका दिल्या. घाट उतरताना मागे ट्रेलर असेल तर त्याच्या पुढे घुसून ब्रेक मारू नये, हा धडा त्यातून मोटारवाल्यांनी घ्यायचा. एअर ब्रेकमध्ये पॅडल दाबल्यापासून चाकापर्यंत हवेचा दाब पोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास लागतो. ताशी ८० ला तेवढ्यात ट्रेलर अकरा मीटर पुढे आलेला असतो. त्यानं पुढे सोडलेली मोकळी जागा ही त्याची थांबण्याची जागा असते. आपण तीत घुसलो की ती त्याच्याकडून हिरावून घेतो.

केबिनमधून काय दिसतं

गोवंडीतल्या त्या सकाळनंतर मानखुर्दजवळ उभ्या असलेल्या एका ट्रेलरच्या केबिनमध्ये मी चढून बसलो. ड्रायव्हर पाथर्डीकडचे, पन्नाशीचे. म्हणाले, "बसा दादा माझ्या सीटवर, आणि सांगा मला काय काय दिसतंय." त्यांनी खालून जाणाऱ्या दोन ओळखीच्या मुलांना बोलावलं. एक बंपरला टेकून उभा राहिला. काचेतून त्याचे केससुद्धा दिसेनात. दुसऱ्याला त्यांनी डाव्या दाराच्या खाली उभं केलं. मी आरशात बघितलं, वाकून बघितलं, मान वेळावली. मुलगा नाहीच. तो हाका मारत होता म्हणून तो तिथे आहे एवढंच कळत होतं. ट्रेलरच्या मागे तर कंटेनरच्या पाठीमागची आख्खी दुनिया गायब असते. तिथे आरशाची पोचच नसते.

"आता इंजिन चालू करा, हॉर्न वाजू द्या, पाऊस लावा आणि रात्र करा," ते म्हणाले. "आणि मग मला विचारा, दिसत नाही का."

उजवीकडे ड्रायव्हर स्वतः बसलेला असतो, म्हणून त्या बाजूला त्याची नजर थोडी तरी पोचते. डावी बाजू त्याच्यासाठी जवळजवळ आंधळी असते. ट्रकला डावीकडून ओलांडणं घातक का, याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण त्या सकाळी मी डोळ्यांनी बघितलं होतं: वळताना मागची चाकं पुढच्या चाकांचा माग काढत जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. पाचेक मीटर अंतरावर चाकं असलेला डंपर चौकात वळला तर मागचं चाक पुढच्यापेक्षा सव्वा मीटरभर आतून जातं. ट्रेलरचं त्याहूनही अधिक. पुढचं चाक लांबून गेलं म्हणून मुलाला हायसं वाटलं, आणि मृत्यू मागच्या चाकावरून येत होता.

पूर्वी ही डावी बाजू क्लीनर सांभाळायचा. खिडकीतून बाहेर लोंबकळून, पत्र्यावर थाप मारून तो 'उस्ताद'ला सांगायचा: येऊ द्या, येऊ द्या, थांबा. तो क्लीनर म्हणजे ट्रकचा डावा डोळा होता. आज खर्च वाचवायला कितीतरी गाड्या एकाच माणसावर चालतात. त्या जागी कॅमेरा आणि जादा आरसे लावायला फार पैसे लागत नाहीत. गल्लीबोळांतून फिरणाऱ्या प्रत्येक डंपरला ते असलेच पाहिजेत. गाडीच्या दोन्ही कुशींना लोखंडी आडव्या पट्ट्यांचं कुंपण आणि मागे मजबूत गार्ड हेही हवंच, म्हणजे पडलेला माणूस चाकाखाली आणि आदळलेली मोटार फाळक्याखाली जाणार नाही.

वेगाबद्दल एक तरतूद गोवंडीकरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेनं नव्या व्यावसायिक वाहनांना वेगनियंत्रक सक्तीचे झाले. बहुतेकांसाठी ती मर्यादा ताशी ८० आहे, पण डंपर, टँकर आणि शाळेच्या बससाठी ती ६० आहे. म्हणजे आपल्या भागातली बरीचशी जड वाहनं कायद्यानं ६० च्या पुढे जाऊच शकत नाहीत. रिकामा डंपर परतीच्या वाटेवर त्याहून जोरात धावताना दिसला तर त्याच्या यंत्राशी कोणीतरी छेडछाड केलेली आहे, असं समजायला हरकत नाही.

दिव्यांची बोली

महामार्गावर ट्रकवाल्यांची एक जुनी बोली आहे. डिपर मारला म्हणजे कुठे 'मी येतोय, थांब', तर कुठे 'तू जा, मी थांबलोय'. उजवा इंडिकेटर लावला म्हणजे 'मी उजवीकडे येतोय'; पण काही ड्रायव्हर तोच दिवा 'पुढे मोकळं आहे, जा' असं सांगायला लावतात. एका दिव्याचे दोन उलट अर्थ असले की त्यातला एक कधी ना कधी जीव घेतो. इशारा माणुसकीनं दिलेला असतो, यात शंका नाही. पण पुढचा ट्रकवाला स्वतःच्या नजरेनं बघत असतो, आपल्या गाडीच्या लांबीनं आणि दमानं नाही. कोणी 'जा' म्हटलं तरी स्वतःला पुढचा रस्ता दिसल्याशिवाय जाऊ नये.

हॉर्नचंही तेच. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्र सरकारनं एप्रिल २०१५ मध्ये बंदी केली, कारण ती पाटी म्हणजे कर्कश हॉर्नला दिलेलं आमंत्रणच होतं. पण हॉर्न वाजवला म्हणजे ऐकू गेला असं नसतं, आणि ऐकू गेला म्हणजे आपण कुठे आहोत ते कळलं असंही नसतं. रात्री ओलांडण्यापूर्वी एकदा डिपर, मग आरशात नजर, मग इंडिकेटर, आणि तरीही ट्रक आपल्याकडे कलतोय का ते बघत निर्धारानं बाहेर पडणं, हा खरा क्रम. ट्रकच्या शेजारी मात्र रेंगाळू नये. तेवढा वेळ आपण त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतो.

स्टिअरिंगमागचा माणूस

ट्रकवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे. त्यांच्या घड्याळाकडे फारसं कोणी बघत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटर वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांचं काम सांगत होता. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हवी, असंही त्यात होतं. प्रत्यक्षात बंदरावर कंटेनर कधी मिळेल ते ठाऊक नसतं, शहराच्या वेशीवर मनाईचे तास संपायची वाट बघत बसावं लागतं, आणि मालकाला माल सकाळच्या आत हवा असतो. रांगेत गेलेले तास रस्त्यावर भरून काढायचे असतात. गर्दीची वेळ सरल्यावर शिवाजीनगरला जी घाई दिसते, तिची सुरुवात आदल्या रात्री झालेली असते. मध्यरात्रीनंतर दोन ते पाच या वेळेत डोळ्यावर येणारी झापड इच्छाशक्तीनं जात नाही, ती झोपेनंच जाते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. चैन म्हणून नव्हे. मे महिन्यात इंजिनाशेजारी भाजत बसलेल्या माणसाची नजर आणि निर्णय दोन्ही मंदावतात, म्हणून. ट्रक उभे करायला सुरक्षित तळ, ड्रायव्हरला पाठ टेकायला जागा, संडास-न्हाणीघर या गोष्टी अपघात रोखण्यातच मोडतात.

रस्ता सुधारला की माणूसही वाचतो

२०१६ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १५१ माणसं गेली. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा कंपनी यांनी मिळून तिथे 'शून्य मृत्यू मार्ग' हा प्रयत्न सुरू केला. उघडे खांब झाकले, कठड्यांमधल्या फटी बुजवल्या, थांबलेली वाहनं लवकर हटवायची सोय केली, जखमींना वेळेत दवाखान्यात पोचवायची साखळी बांधली. दुभाजकावर तारांचे कठडे आले. २३ डिसेंबर २०१२ ला बऊर गावाजवळ समोरच्या बाजूचा टेम्पो दुभाजक ओलांडून आला आणि अभिनेते आनंद अभ्यंकर, अक्षय पेंडसे आणि पेंडसे यांचा चिमुकला मुलगा गेले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला दुभाजकाचं मोल कळलं होतं. २०१६ नंतरच्या काही वर्षांत मृतांचा आकडा शंभराच्या आत आला. २०२४ मध्ये वेग आणि लेन तपासणारे कॅमेरे सुरू झाले. हे आकडे अजून शून्यावर आलेले नाहीत, पण ते खाली आणता येतात हे या रस्त्यानं सिद्ध केलं. देशात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. त्याला नशीब म्हणायचा अधिकार आपल्याला राहिलेला नाही.

गोवंडीच्या लिंक रोडला हेच शहाणपण लहान प्रमाणात हवं आहे: डंपरच्या वळणावर दुचाक्यांना आधीच अडवणारी रेघ, फुटपाथ मोकळा, चौकात पुरेसा उजेड, आणि शाळा सुटायच्या वेळी डंपरच्या खेपा बंद. महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी मनावर घेतलं तर यातलं काहीच अवघड नाही.

बाकीचं आपल्या हातात आहे. केबिनमधून उतरताना पाथर्डीच्या त्या काकांनी मला सगळ्यात सोपा नियम सांगितला: "माझ्या आरशात माझा चेहरा तुम्हाला दिसतोय का, ते बघा. दिसला तर तुम्ही मला दिसताय. नाही दिसला, तर तुम्ही माझ्यासाठी नाहीच." आरसा दोन्ही बाजूंनी सारखाच चालतो. त्याला ना लायसन्स लागतं, ना कॅमेरा.

परवा पुन्हा त्याच सिग्नलला थांबलो होतो. डावा इंडिकेटर लावलेला डंपर, तशीच चार फुटांची फट. एक बाई स्कूटरवर मुलीला मागे बसवून आल्या. फटीच्या तोंडाशी थांबल्या, किंचित मान कलती करून डंपरच्या आरशात बघितलं, आणि पाय टेकून मागेच उभ्या राहिल्या. मागचे दोघे हॉर्न वाजवत होते. त्या हलल्या नाहीत. डंपर वळून गेला, मागचं चाक फुटपाथ घासून गेलं, आणि मग त्या मोकळ्या रस्त्यानं सावकाश पुढे निघाल्या.